उशिऱ्यांच्या कबरीवर पस्तीस माणसं

"यंदा आमच्या कबरीपाशी उभं राहायला जागा मिळणार नाही," असं फ्लॉरी सलिवननं नोनीच्या दुकानात जाहीर केलं, तेव्हा गल्ल्यामागे नोनी होती आणि पावाच्या फळीशी मर्टी सलिवन उभा होता. दोघांनीही माना खाली घातल्या. फ्लॉरीला वाटलं, पोटात दुखलं असणार.

फ्लॉरीच्या बोलण्याला कारण होतं. जुलैतल्या दुसऱ्या रविवारी कूमनागलच्या कबरस्तानात फादर भोंग्यावरून जपमाळ म्हणतात आणि गावातलं प्रत्येक कुटुंब आपापल्या कबरीभोवती उभं राहतं. लंडनला गेलेले, डब्लिनला गेलेले, बापाशी भांडून गेलेले, सगळे त्या दिवशी येतात. कोणाच्या मागे किती माणसं आहेत ते एका नजरेत कळतं. मर्टीच्या कबरीपाशी सहा मुली, सहा जावई आणि बावीस नातवंडं. फ्लॉरीच्या कबरीपाशी फ्लॉरी. आई गेली त्याला एकोणीस वर्षं झाली. तेव्हापासून तो तिथे एकटा उभा राहत आला होता, आणि जागा जरा भरलेली दिसावी म्हणून पाय फाकवून उभा राहत होता.

गावात एकसष्ट घरं, त्यांतली चोपन्न सलिवनांची. या आडनावाच्या मुळाशी जुन्या भाषेतला 'डोळा' हा शब्द आहे, एवढ्यावर विद्वानांचं एकमत आहे. तो डोळा काळा होता की एकच होता, यावर भांडण आहे. फ्लॉरीचा चष्मा जाड होता. त्याचं म्हणणं, दोन्ही खरं असू शकतं. नॉर्मन सरदार चालून आले आणि त्यांनी सलिवनांना टिपररीच्या चांगल्या कुरणांतून पश्चिमेला ढकललं. सलिवन मागे सरकत सरकत इथे बेराच्या खडकांवर आले आणि पुढे समुद्र लागला म्हणून थांबले. चारशे वर्षांपूर्वी त्यांचा किल्ला पडला, तेव्हा हजार माणसं भर हिवाळ्यात उत्तरेकडे चालत निघाली. पोचली पस्तीस. आपला मूळपुरुष त्या पस्तिसांतलाच, मागाहून परतलेला, असं कूमनागलमधली चोपन्नही घरं सांगतात.

एवढ्या सलिवनांत पोस्टमनला वेड लागू नये म्हणून घराघराला पोटनाव असतं. मराठीत आणायचं तर मर्टीचे ते पितळे, कारण त्याच्या पणजोबानं फुटलेल्या जहाजातून पितळी पलंग ओढून घरी आणला होता. फ्लॉरीचे ते उशिरे, कारण त्याचे आजोबा स्वतःच्या लग्नाला दुसऱ्या दिवशी पोचले होते. ही पोटनावं कबरीच्या दगडावरही कोरतात. नाहीतर अखेरच्या न्यायाच्या दिवशी देवदूतानं कोणाला हाक मारायची?

सगळं सुरू झालं ते फेब्रुवारीत. अमेरिकेहून एक जाडजूड पत्र आलं. वर पत्ता होता, 'सलिवन कुटुंबाच्या प्रमुखास, कूमनागल'. पोस्टही नोनीच चालवते. ती पाकीट हातात धरून विचारात पडली होती, तेवढ्यात फ्लॉरी पाव घ्यायला आला.

"काय रे, सलिवनांचा प्रमुख कोण?"

"माझ्या कुटुंबाचा प्रमुख मीच," फ्लॉरी म्हणाला. "दुसरं आहे कोण?"

 नोनीनं पाकीट देऊन टाकलं.

पत्र मोंटानातल्या बुट गावाहून आलं होतं. लिहिणारी हिल्मा सलिवन, वय चौऱ्याऐंशी. घराण्याचे पणजोबा जेरेमाया कूमनागलहून तांब्याच्या खाणीत कामाला गेले होते. त्यांचा सगळा गोतावळा, एकूण पस्तीस माणसं, जुलैत बस करून येणार होता, आणि त्यांना आपल्या पूर्वजांच्या कबरीपाशी उभं राहायचं होतं. फ्लॉरीनं आकडा तीनदा वाचला. मग दुसरं पान उलटलं. पहिलीच ओळ होती, 'आमच्या घरी असं सांगतात की पणजोबांच्या माणसांना गावात पितळे म्हणत.'

फ्लॉरी त्या ओळीवर थांबला. त्यानं पानाची घडी घातली आणि ती घड्याळामागे ठेवली. पहिल्या पानाला उत्तर द्यायला दुसरं पान लागतंच असं कुठे आहे?

त्यानं लिहिलं, 'आमच्या कबरीत तुम्हां पस्तिसांसाठी भरपूर जागा आहे. जरूर या.' बुटमध्ये हे पत्र ऐकून दोघांनी विमा उतरवला, असं पुढे कळलं.

मग तयारी सुरू झाली. फ्लॉरीनं घराला रंग दिला, कबरीवर पांढरी खडी टाकली, चार हॅम उकडले आणि गावाच्या हॉलमधून पस्तीस खुर्च्या आणून अंगणात मांडल्या. राहिला दगडावरचा 'उशिरे' हा शब्द. त्यासाठी त्यानं बिगोनियाचं एक पुष्पचक्र बनवून घेतलं, ट्रॅक्टरच्या चाकाएवढं.

"केवढं हे," नोनी म्हणाली.

"आई मोठ्या मनाची होती."

"तुझी आई? चर्चमधली मेणबत्ती अर्धी जळली की ती फुंकर मारून घरी न्यायची."

"म्हणूनच. राहिलेलं मन आता देतोय."

रविवारी दोन वाजता बस आली. आडनावाच्या डोळ्याबद्दल फ्लॉरीनं पत्रात सविस्तर लिहिलं होतं. त्यावर बसमध्ये मतदान होऊन एकोणीस विरुद्ध सोळा मतांनी एक डोळा विजयी झाला होता आणि पस्तिसांनी त्याचे टी-शर्ट छापून घेतले होते. हिरव्या टी-शर्टवर, छातीच्या मधोमध, एकच भला मोठा डोळा. फादर भोंगा हातात घेऊन कबरस्तानात वळले, तर समोर पस्तीस डोळे त्यांच्याकडे रोखून पाहत होते. पहिली प्रार्थना ते दोनदा चुकले.

फ्लॉरी मात्र त्या गर्दीच्या मधोमध उभा होता, पाय जुळवून. एका बाजूला कोणाचं कोपर लागत होतं, पाठीला कोणाची तरी पिशवी टोचत होती. एकोणीस वर्षांत त्याला या जागी कोणी ढकललं नव्हतं. हिल्मा कबरीच्या कठड्यावरच बसली होती. तिचा गुडघा चढण चढून थकला होता. तिचा पुतण्या वेन मोठ्या आवाजाचा माणूस होता. तो कुजबुजला की खाली बंदरावर ऐकू जायचं.

"काका, तो पलंग कुठाय हो?"

"कुठला पलंग?"

"पितळी. आमच्या आजोबांच्या गोष्टीतला."

"मोडीत गेला," फ्लॉरी म्हणाला आणि पटकन 'नमो मरिये' म्हणू लागला.

दोन कबरी पलीकडे मर्टी आपल्या बावीस नातवंडांना घेऊन उभा होता. यंदा त्यानं पोरांना दगडाला पाठ लावून, खांद्याला खांदा भिडवून रांगेत उभं केलं होतं. मिरवतोय लेकाचा, फ्लॉरीला वाटलं. मिरव. आज तुझ्यापेक्षा एकानं का होईना, माझी माणसं जास्त आहेत.

जपमाळेच्या तिसऱ्या फेऱ्याला समुद्रावरून वारा सुटला.

पुष्पचक्र आधी हललं, मग उभं राहिलं आणि चाकासारखं निघालं. खडीवरून, फादरांच्या पुढ्यातून, उतारावर. मर्टीच्या नातवंडांनी जपमाळ पुष्कळ पाहिली होती, पण पळणारं पुष्पचक्र पाहिलं नव्हतं. रांग फुटली. बावीसच्या बावीस त्यामागे धावली. अन् दोन्ही दगड उघडे पडले. इथे 'उशिरे', तिथे 'पितळे'.

वेननं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"ओ पितळे, ते तुम्हीच ना?" त्यानं मर्टीला विचारलं.

"आम्ही? छे," मर्टी म्हणाला.

"मागे कोरलंय की."

मर्टीनं वळून आपल्याच बापाच्या दगडाकडे असं पाहिलं, जणू तो काल कोणी तरी रात्रीतून आणून ठेवला होता. "कोरणाऱ्याची चूक," तो म्हणाला. "आजकाल चांगला कारागीर मिळत नाही."

पस्तीस माणसांना जेवायला घालावं लागेल म्हणून कद्रू माणूस आपलं नाव टाकतोय, फ्लॉरीच्या मनात आलं. तेवढ्यात मर्टीची सर्वांत धाकटी नात धापा टाकत परत आली.

"आजोबा, ते पलंगाचं म्हणतायत का? आपल्या कुरणाच्या फाटकाला बांधलाय तो?"

पुढे जे झालं ते अगदी शिस्तीत झालं, कारण जपमाळ चालूच होती. एका 'नमो मरिये'ला दोन जण पलीकडे गेले, पुढच्याला तीन. जाताना प्रत्येक जण फ्लॉरीशी हात मिळवत होता. एका बाईनं त्याच्या खांद्यावर थोपटलंसुद्धा. त्या फेऱ्यातल्या दहा प्रार्थना पूर्ण होईपर्यंत वीस गेले होते, आणि फादरांनी आशीर्वाद दिला तेव्हा पितळ्यांच्या कबरीपाशी पाय ठेवायला जागा नव्हती. हजार निघाले आणि पस्तीस पोचले, ते कोणत्या क्रमानं गळाले असतील, याची फ्लॉरीला आता थोडी कल्पना आली. त्याचे पाय आपोआप फाकले.

"जरा सरका," खालून आवाज आला. "ऊन अडवताय."

हिल्मा अजून कठड्यावर बसली होती.

"तुम्ही नाही गेलात?"

"मी कशाला जाऊ? मी सलिवन लग्नानं. माझे आईवडील फिनलंडचे. साठ वर्षं तो पलंग ऐकतेय मी."

"गुडघा दुखतोय म्हणून बसलात ना?"

"तेही आहे," हिल्मा म्हणाली.

प्रार्थना संपल्यावर मर्टी मान खाली घालून आला. "फ्लॉरी, चल आमच्याकडे. तू पण."

"मला गुरं बघायची आहेत."

"तुझी गुरं तू मार्चमध्ये विकलीस ना रे?"

"ती जागा बघायची आहे."

मग हॅम तरी वाया जाऊ नयेत म्हणून मर्टीचे जावई ते घेऊन गेले. बसायला काही हवं म्हणून खुर्च्याही गेल्या. फाटकाच्या पलंगापाशी फोटो काढायला रांग लागली. फ्लॉरीच्या स्वयंपाकघरात त्याची स्वतःची एक खुर्ची राहिली. तिच्यावर हिल्मा बसली, तो बादली पालथी घालून बसला आणि किटली शेगडीवर चढली.

"तुम्हाला माझं दुसरं पान मिळालं का?" तिनं विचारलं.

"पोस्टाचं काही सांगता येत नाही."

हिल्मा घड्याळाकडे पाहत होती. त्याच्यामागून कागदाचा कोपरा डोकावत होता. फ्लॉरी उठला, घडी काढली आणि पहिल्या ओळीच्या पुढे, फेब्रुवारीनंतर प्रथमच, वाचू लागला. 'ही मंडळी पितळे शोधतील. त्यांना शोधू द्या. मला त्यात रस नाही. माझा जेरी जाऊन तीन वर्षं झाली. मला कोणाच्या तरी घरात एक कप चहा हवा आहे आणि एक खुर्ची, जिथे तासभर कोणी सलिवनांबद्दल बोलणार नाही.'

फ्लॉरीनं कागद खाली ठेवला. पाच महिने त्यानं सलिवनांचा इतिहास पाठ केला होता. टिपररी, नॉर्मन, किल्ला, काळा डोळा, एक डोळा. दुसरं काही बोलायला आहे का, हे तो शोधू लागला. किटली शिट्टी देऊन गप्प झाली.

"आईला बिगोनिया आवडत नसत," शेवटी तो म्हणाला.

"मग वाहिल्या कशाला?"

"झाकायला."

हिल्मानं मान हलवली, जणू बिगोनिया त्यासाठीच असतात.

"जेरीच्या कबरीपाशी तुमच्याबरोबर कोण उभं राहतं?" त्यानं विचारलं.

"आमच्याकडे असा रविवार नसतो. मी मंगळवारी जाते. एकटीच."

"पाय फाकवून उभ्या राहता?"

"नाही. का?"

"नाही, सहज."

चाळीस मिनिटं झाली आणि बसचा भोंगा वाजला. फ्लॉरीनं तिला हात धरून चढवलं. खिडकीतून पस्तीस डोळे निघून गेले.

सोमवारी सकाळी तो दुकानात गेला. "अमेरिकेचं एक तिकीट दे."

"कोणाला लिहितोस?"

"दुसऱ्या पानाला उत्तर द्यायचं राहिलंय."

नोनीनं तिकीट फाडलं, पण दिलं नाही. "एक सांगू का? रागावू नकोस. ते पाकीट फाटूनच आलं होतं. माझ्या हातात दुसरं पान आधी पडलं."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मला एकटीला काय? चोपन्न घरांना माहीत होतं. मर्टीनं तर पोरांची तालीम घेतली, दोनदा. उंचीप्रमाणे उभं करायचं, दगडावरचं एक अक्षर दिसता कामा नये. म्हणाला, एक वर्ष ती अमेरिकेची माणसं उभी राहू देत फ्लॉरीकडे, आमचं काय जातं. सगळं ठरलं होतं. वाऱ्याला तेवढं कोणी सांगितलं नाही."

फ्लॉरी पावाच्या फळीकडे बघत राहिला.

"आणि मी एकोणीस वर्षं..."

"पाय फाकवून उभा राहतोस, तेही माहीत आहे," नोनी म्हणाली. तिनं तिकीट पुढे सरकवलं. "मर्टी विचारत होता, पुढच्या जुलैत चार नातवंडं उसनी दिली तर चालतील का. उंच पाठवू की बुटकी?"

फ्लॉरीनं चष्मा काढला, पुसला आणि परत लावला.

"मध्यम," तो म्हणाला.