मागं दोन हायत

किसनआबा माझ्या मेडिकलच्या दुकानात कधी सरळ आत येत नाहीत. आधी दारासमोरून पुढे जातात, पार शेजारच्या सलूनच्या बाकापर्यंत, आणि तिथून ऐसपैस वळण घेऊन दारात शिरतात. नवीन माणसाला वाटतं, म्हातारा दुकान विसरला. एकदा मी वैतागून विचारलं, "आबा, दार एवढं रुंद, त्यात तुम्ही एकटे. हा वळसा कशाला?" तर खांद्यावरून मागे नजर टाकत म्हणाले, "सवय हाय, डाक्टर. मागं दोन हायत."

मी डॉक्टर नाही. गोळ्या विकतो. पण आबांना त्यात फारसा फरक वाटत नाही आणि त्यांना सुधारायचा नाद मी कधीच सोडला.

मागं दोन म्हणजे उसाच्या दोन ट्रॉल्या. आबांनी उभा जन्म ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडून कारखान्याला ऊस घातला. ज्यानं हे काम केलं नाही त्याला सांगतो, असा ट्रॅक्टर मागे घेता येत नाही. घ्यायला गेलात की ट्रॉल्या आडव्या फिरून रस्त्यात घडी घालून बसतात. मागे घ्यायचंच असेल तर खाली उतरायचं, जोडाची लोखंडी पिन उपसायची आणि ट्रॉल्या सोडून मोकळं व्हायचं. वळतानाही भरपूर जागा ठेवायची, नाहीतर पुढचं निघून जातं आणि मागचं कुणाच्या तरी न्हाणीघरात शिरतं.

हे आबांच्या अंगात इतकं मुरलं की ट्रॅक्टरवरून उतरले तरी ट्रॉल्या काही सुटल्या नाहीत. लग्नाच्या मांडवात ते खांबाला वळसा घालून पंगतीला बसतात. देवळात छत्री विसरली तर माघारी फिरत नाहीत, गावाला चक्कर मारून पुन्हा देवळासमोर येतात आणि छत्री उचलतात. "रिव्हर्स आपल्या धंद्यात न्हाई," असं वर सांगतात. भावकीत एकदा बोललेला शब्दही त्यांनी कधी मागे घेतलेला नाही, त्यामुळे निम्मी भावकी त्यांच्याशी बोलत नाही. ते एक असो.

तर अशा माणसानं गाडी, म्हणजे कार, शिकायची असं ठरवलं आणि शिकवायला मला धरलं.

कारण हौसाकाकी. आबांच्या मंडळी. काकींच्या दोन्ही गुडघ्यांचं सांगलीत ऑपरेशन झालं आणि त्या तिथेच लेकीकडे राहिल्या. पाय दुमडत नाहीत, मोटरसायकलवर बसता येत नाही, ट्रॉलीत चढायचा तर प्रश्नच नाही. एक दिवस काकी फोनवर म्हणाल्या, "आता मी कुणाच्या मागं बसून यायची न्हाई. गाडी शिका आन् न्यायला या." माझी खात्री आहे, त्या चेष्टेत म्हणाल्या होत्या. पण आबांना चेष्टा कळायला वेळ लागतो. चार दिवसांत दारात एक जुनी पांढरी कार उभी राहिली.

"आबा, मी घेऊन येतो की काकींना. तासाचं काम आहे."

"तुमी कशाला? तिनं मला सांगितलंय."

"मग भाड्यानं गाडी करू."

"भाड्यानं ऊस न्हेत्यात," आबा म्हणाले, आणि विषय संपला.

खरं तर त्यांना माझ्या शिकवण्याची गरज नव्हती. क्लच, गिअर, ब्रेक माझ्यापेक्षा त्यांना जास्त कळतं. त्यांच्याकडे लायसन्सही होतं, पण ते ट्रॅक्टरचं. कारसाठी पुन्हा कच्चं लायसन्स काढा, मग ट्रायल द्या, मग पक्कं. मी काचेवर लाल रंगाचा एल चिकटवला तर म्हणाले, "ह्यो काय? लय जपून म्हनून हाय का?" मी हो म्हणालो. ते जपून चालवतच नव्हते, हा भाग वेगळा.

चालवणं तसं चांगलंच. फक्त वळण आलं की आबा स्टिअरिंग उलट्या बाजूला न्यायचे, पार समोरच्या गटाराच्या काठावर गाडी घालायचे आणि मग वळायचे. मी डोळे मिटून हँडब्रेकला धरून बसायचो. "आबा, मागे काही नाही, मागे काही नाही," हा जप मी इतका केला की घरी झोपेतही बडबडायला लागलो. माझ्या बायकोनं त्याचा काय अर्थ घेतला ते ती सांगत नाही.

आणि रिव्हर्स. एवढा पावसापाण्यात, चिखलाच्या रस्त्यात ट्रॅक्टर हाकलेला गडी, पण हात-दोन हात गाडी मागे घ्यायची म्हटली की कपाळाला घाम.

ट्रायलला सांगलीला गेलो. आरटीओच्या मैदानात आठाचा आकडा आखलेला, कडेनं काठ्या उभ्या केलेल्या. साहेब तरुण होते, चेहऱ्यानं कंटाळलेले. आबांनी आठ काढायला सुरुवात केली आणि पहिल्याच वळणाला दोन ट्रॉल्यांना पुरेल एवढी जागा घेतली. गाडी आठातून बाहेर गेली, मैदानाच्या कडेच्या चहाच्या टपरीपर्यंत जाऊन आली आणि पुन्हा आठात शिरली. टपरीवाला तेवढ्यात किटली घेऊन उठून उभा राहिलेला मी पाहिला.

साहेब म्हणाले, "काका, आता रिव्हर्स घ्या."

आबांनी गाडी थांबवली, दार उघडलं आणि खाली उतरले. गाडीच्या मागे गेले. वाकले. हात पुढे केला. मग तसेच वाकून बघत राहिले.

"काय झालं?" साहेबांनी विचारलं.

"पिन काढाय उतरलो, सायेब," आबा म्हणाले. "पर हुकच न्हाई."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी टपरीकडे पाहिलं. ट्रायल फेल.

तिथून लेकीच्या घरी गेलो. काकी पलंगावर पाय लांब करून बसल्या होत्या. आबा वळसा घालून आत आले आणि बसले. चहा आल्यावर मीच सगळं सांगितलं. लेक तोंडाला पदर लावून आत पळाली. काकी मात्र हसल्या नाहीत. आबांकडे बघत म्हणाल्या, "आवं, पिन काय तितं जाऊन काढायची? घरनंच काढून निघायचं की."

"व्हय गड्या," आबा म्हणाले. बायकोला गड्या म्हटल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही.

परत येताना गाडी मी चालवत होतो. आबा शेजारी बसले होते. मग आपण होऊन बोलायला लागले.

"हिचं माहेर औंध. वरात ट्रॅक्टरनंच आणली. डायव्हर आयत्या टायमाला पिऊन पडलेला, तवा मीच बसलो चालवाय, मुंडावळ्या बांधून. ही मागल्या ट्रॉलीत, बायकांत. तवापास्नं तसंच चाललंय. दवाखाना म्हना, जत्रा म्हना, रान म्हना, मी म्होरं आन् ही मागं."

"पण तुम्ही तर सारखे मागं बघता, आबा."

"बघतो की. चाकाकडं बघतो, जोडाकडं बघतो." थोडं थांबून म्हणाले, "तोंडाकडं कवा बघनार?"

इतके दिवस मी या माणसावर वैतागत होतो. मी उगाच हॉर्न वाजवला.

दुसऱ्या ट्रायलच्या सकाळी मी त्यांना घ्यायला गेलो तर आबा कारच्या मागे उकिडवे बसले होते. हातात ट्रॅक्टरची खरी पिन होती, चांगली मनगटाएवढी जाड. त्यांनी ती हवेतल्या हवेत वर उपसली, फडक्यानं पुसली आणि भिंतीतल्या देवळीत नेऊन ठेवली. "सुटल्या," म्हणाले. मी हसलो नाही. देवाशपथ, मलाही त्या सुटलेल्या दिसल्या.

त्या दिवशी आबांनी असा आठ काढला की एकही काठी हलली नाही. टपरीवाला बसूनच राहिला. रिव्हर्सला साहेब मागच्या अनुभवानं दाराकडे बघत होते, कधी उतरतात म्हणून. आबा उतरले नाहीत. गाडी रेषेत मागे आली. "पास, काका," साहेब म्हणाले. आबांनी त्यांना हात जोडले आणि मला म्हणाले, "चला, हिला सांगू."

पक्कं लायसन्स हातात आल्याच्या दुसऱ्याच दिवशी ते एकटे सांगलीला गेले. मी येऊ का विचारलं तर म्हणाले, "तुमी मागं कशाला?"

दुपारी गाडी गल्लीत आली. काकी पुढे बसलेल्या, पाय लांब, मांडीवर पिशवी, डोक्यावरचा पदर सावरत. आबांचं अंगण लांबट आहे आणि घराची पायरी आत शिरताना उजव्या हाताला. गाडी पुढून घातली असती तर काकींचं दार पलीकडच्या बाजूला राहिलं असतं आणि त्यांना काठी टेकत, गाडीला वळसा घालून पायरीपर्यंत चालावं लागलं असतं. आबांनी गाडी अंगणाच्या पुढे नेऊन थांबवली आणि रिव्हर्सचा गिअर टाकला. मी पायरीपाशी उभा राहून हात हलवायला लागलो. "येऊ द्या, आबा. येऊ द्या."

गाडी थोडी मागे आली आणि थांबली. मी पुन्हा म्हणालो, "येऊ द्या." गाडी हलेना. मला वाटलं, घाबरले. धीर द्यावा म्हणून मी खिडकीपाशी गेलो.

आबा मागे बघायला म्हणून डावीकडे वळले होते. गाडी मागे घेताना तसंच वळावं लागतं, आणि तसं वळलं की आधी शेजारी बसलेल्या माणसाचं तोंड येतं. आबांची नजर तिथेच राहिली होती.

"आवं, मागं बघा की," काकी पदर ओढून घेत म्हणाल्या. "माझ्याकडं काय बघताय?"

"बघतो की," आबा म्हणाले. "मागं कोन न्हाई आता."

मी पायरीपाशी परत आलो आणि हात खाली करून उभा राहिलो.