विहीर छाप सिस्टर

आमच्या सिस्टर माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायच्या, आधी पायाकडे. पायात जाड रबरी स्लिपर दिसली की संपलंच. "काढा बरं जरा," म्हणायच्या, तळवा वाकवून बघायच्या, नखानं टोकरायच्या आणि निकाल द्यायच्या, "अण्णा, ह्याच्यात दोन बाया आन एक घागर आरामात बसती." आमच्या घरातली माणसं अनवाणी फिरायला लागली ती काही भक्तीनं नव्हे.

केजच्या बाजारात आमचं किराणा दुकान, आणि दुकानामागची खोली सिस्टरांना दिलेली. बाई मूळच्या जालन्याकडच्या. आधी मिशनच्या शाळेत चित्रकला शिकवायच्या. तिथल्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, पोरींना देवाच्या गोष्टींची चित्रं शिकवा, विहिरीवर ताटकळणाऱ्या बायांची कशाला? ह्या म्हणाल्या, बायबलात बी विहीर हाय, आन विहिरीवर बाई बी हाय. झालं, वाद पेटला आणि ह्या ट्रंक उचलून बाहेर पडल्या. मठ सुटला, पण 'सिस्टर' सुटलं नाही आणि पांढरी साडीही सुटली नाही. शाईनं ती पांढरी मात्र राहिली नव्हती.

ती विहीर धारूरच्या घाटाखालच्या एका गावातली. दलित वस्तीतल्या बायांनी खाली घागरी मांडून उभं राहायचं, आणि वरच्या आळीतल्या कुणाला दया आली तर तिनं वरून पाणी ओतायचं, असा तिथला रिवाज. दया लवकर येत नसे. सिस्टरांनी हे एकदा पाहिलं आणि डोक्यात घेतलं. स्लिपरच्या तळव्यांवर त्यांनी ते चित्र कोरलं. त्यावर शाई फासायची, वर कागद ठेवायचा आणि चमच्याच्या पाठीनं घासायचं, की चित्र उठलं. घासायला त्याच वस्तीतल्या सरूबाई आणि तिच्या चार-पाच मैत्रिणी बाजाराच्या दिवशी घरून चमचे घेऊन यायच्या. मग खोलीत असा कलकलाट, की मला गिऱ्हाइकाचं बोलणं ऐकू यायचं नाही.

छापायचं कशावर? तर माझ्या पुड्यांच्या खाकी कागदावर! भिंतीवरचं कोण बघतंय, साखरेची पुडी सगळेच बघतात, असं बाईंचं म्हणणं. आमच्या आईनं कपाळाला हात लावला. आमचं लिंगायताचं घर, आई पूजेशिवाय पाणी न पिणारी. "चपलेचं चित्र, आन त्यात साखर?" ती म्हणाली. सिस्टर म्हणाल्या, "आई, चप्पल भायेर हाय, साखर आत हाय, मधी कागद हाय." आई दोन दिवस माझ्याशीच बोलली नाही, सिस्टरांशी मात्र बोलत होती.

आता गंमत बघा. टीव्ही नुकता गावोगाव पोचला होता आणि लोकांना जो तो माल छापाचा पाहिजे होता. आमच्या पुड्या बघून त्यांना वाटलं, ही नवी कंपनी निघाली! खेड्यापाड्यांतून माणसं येऊन 'विहीर छाप' साखर मागू लागली. कोऱ्या कागदात बांधून दिली तर परत करायची, म्हणायची, ही तेवढी गोड न्हाई. मी कसं सांगू, की पोतं एकच हाय?

त्या विहिरीच्या गावच्या सरपंचीणबाईंनीही गडी पाठवून विहीर छापच नेली. पुडी रिकामी झाल्यावर कागद डब्याखाली अंथरताना त्यांनी चित्र नीट पाहिलं. राहाट आपला, पिंपळ आपला, आणि वरून पाणी ओतणारी, नाकात मोठी नथ घातलेली बाई आपणच!

दुसऱ्या दिवशी सरपंच जीप घेऊन दुकानात. हे बंद करा, नाहीतर दुकान कसं चालतं बघतो, म्हणाले. आवाज ऐकून सिस्टर बाहेर आल्या. आधी पायाकडे पाहिलं. चामड्याचे बूट निघाले, त्यामुळे जरा खट्टू झाल्या. मग म्हणाल्या, "मी छापायचं बंद करते. तुमी ते ओतायचं बंद करा."

सरपंच तणतणत घरी गेले, तर घरात पाण्याचा थेंब नाही. चित्रातलं आपलं रूप बघून शरमलेल्या सरपंचीणबाई घागर उपडी घालून बसल्या होत्या. त्या बाया स्वतःच्या हातानं पाणी काढतील तेव्हाच मी विहिरीवर जाईन, म्हणाल्या. गावात भांडणं झाली, कुरकुर झाली, शिव्याही झाल्या. पण शेवटी वस्तीतल्या बायांचा दोर विहिरीत पडला, आणि तो पुन्हा काढायची कुणाची छाती झाली नाही.

बातमी घेऊन मी धावत मागच्या खोलीत गेलो. मला वाटलं, बाई नाचतील. त्या म्हणाल्या, "लई बरं झालं." हात पुसत बसल्या, बराच वेळ पुसत बसल्या. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजे आता त्या यायच्या न्हाईत."

पुढच्या बाजाराला खरंच कुणी आलं नाही. सिस्टर सकाळपासून दार उघडं टाकून बसलेल्या. बाया ज्यातून यायच्या ती धारूरकडची जीप आली का, म्हणून मला विचारून गेल्या. जीप केव्हाच आली होती. मला ते बघवेना. गल्ला आईवर सोपवून मी भाजीबाजारात गेलो, तर सरूबाई वांगी विकत बसलेली. म्हणाली, "सिस्टरचं काम झालं की, अण्णा. आता उगं कशाला तरास द्यावा?" मला रागच आला. म्हटलं, ती बाई सकाळपासून जेवली नाही, तुमची वाट बघतेय. सरूबाईनं पाटी तशीच शेजारणीकडे सरकवली आणि उठली. मैत्रिणींना हाका मारत निघाली.

त्यांना दारात पाहून सिस्टर गडबडल्या. नवीन चित्र अजून कोरलं न्हाई, आज काईच काम न्हाई, म्हणून माफी मागायला लागल्या. सरूबाई खाली बसत म्हणाली, "चित्राला कोण आलंय? आमी तुमाला भेटाया आलोत."

सिस्टर भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. तसंच उभं राहून मला म्हणाल्या, चहा सांगा. मी आईला चहा टाकायला सांगून परत आलो, तर सिस्टर बायांच्या मधोमध बसून आपल्या आईबद्दल सांगत होत्या, ती कशी दिसायची, भाकरी कशी थापायची. इतकी वर्षं आमच्या घरात राहिल्या, पण त्यांना आई होती हे मला त्या दिवशी कळलं.