सरकारी वस्तऱ्यास पितळी अस्तर लागले त्याची हकीकत

श्रीगजानन, ज्यास श्मश्रूची दगदग नाही, तो लिहिणारास आणि वाचणारास सुबुद्धी देवो. शके सोळाशे अडतीस, दुर्मुखनाम संवत्सर, चैत्र वद्य तृतीया, ते दिवशी महाराजांची श्मश्रू चालली असता हनुवटीस वस्तरा लागून रक्त आले. महाराजांची दाढी म्हणजे बाभळीचे कुंपण, आणि सटवोजी न्हावी यांचा हात म्हणजे लोणी. तीन पिढ्या त्या घराण्याने राजमुखावर वस्तरा फिरविला, कधी ओरखडा नाही. महाराज आरशात पाहोन बोलिले, "सटवोजी, दशमीस आमचे कन्येचे लग्न. ते दिवशी थेंब निघाला तर हत्यारांची धोकटी ठेवून गड उतरावा." सटवोजींनी हात जोडिले आणि अर्ज केला, "महाराज, हात चुकला नाही. मुठीचे शिंग आजोबांचे वेळचे, झिजोन कागद झाले. जोर दिला की वाकते आणि पाते डुलते. आतून दोन्ही अंगांस पितळेचे अस्तर लागेल तर मूठ ताठ राहील." महाराज न्यायी, तत्काळ आज्ञा जाहली, आणि चिटणीस त्र्यंबकपंत, ज्यांची लेखणी घोड्याहून वेगवान, त्यांनी मोडीत एका फटक्यात लिहिले, "सरकारी वस्तऱ्यास अस्तर लावणे", आणि त आणि र ऐसे जोडले की वाचणारास "वस्त्रास" दिसले, आणि कागद गेला शिंप्यांकडे.

मग शिंप्यांनी हुकूम शिरसावंद्य मानून महाराजांचा लग्नाचा मलमलीचा जामा काढिला, त्यास आतून जाड मखमल लाविली, सहा दिवस खपले. आणि इकडे सटवोजी, आज कोणी वस्तरा नेईल, उद्या नेईल, ऐशी वाट पाहत बसले. नवमीस महाराज जामा घालून पाहतात तो भर उन्हाळ्यात घामाच्या धारा! "हा उपद्व्याप कोणाचा?" ऐसे गर्जले, मग कागद आला, घोटाळा उघडा पडला, चिटणीसांचे तोंड उतरले, आणि सटवोजी वस्तरा घेऊन धावले ते थेट म्हाळसाबाई तांबटीण यांचे दारी. बाई बोलिल्या, "अगं बाई! सहा दिवस काय भिंतीला तुंबड्या लावीत होता, सटवोजीदादा?" मग हकीकत ऐकोन पोट धरून हसल्या आणि कामास बसल्या. काय त्या बाईंचे कसब वर्णावे! खिळे काढिले आणि शिंगाच्या दोन्ही फाका सोडविल्या आणि पितळ ठोकून पिंपळपानाऐसे पातळ केले आणि शिंगाचे मापाने, पण केसभर आत कापिले, की बोटास टोचू नये. जोडून वस्तरा मिटला तो पाते पितळेस घासले, खर्रर्र! सटवोजी ओरडले, "मेलो! गेली धोकटी!" बाई बोलिल्या, "रडताय काय? अस्तरानं जागा खाल्ली. अंगरख्याला अस्तर लावलं की शिवण सैल सोडतातच ना?" आणि पात्याच्या खिळ्यावर दोन्ही अंगांस एकेक बारीक पितळी चकती घातली, फट वाढली, मग खिळ्यांची डोकी हलक्या हाताने बसविली. वस्तरा उघडला, मिटला, पुन्हा उघडला, आवाज नाही. मूठ पिळून पाहिली, ती वाकेना.

दशमीस सकाळी सटवोजींनी त्याच हनुवटीच्या त्याच वळणावर पाते टेकविले आणि जोर दिला. मूठ हलली नाही, थेंब निघाला नाही. महाराज गालावरून हात फिरवून बोलिले, "झाली? आम्हांस कळलेच नाही!" सटवोजींचे डोळे भरून आले. म्हणाले, "महाराज, हा मान म्हाळसाबाईंचा." महाराज बहुत संतोष पावले, आणि चिटणीसांस आज्ञा जाहली, "बाईंस वस्त्रे देणे." चिटणीसांनी लेखणी न उचलता लिहिले.

तिसरे प्रहरी बाईंचे दारी सरकारी ताट आले. रुमाल काढून पाहतात तो आत अकरा वस्तरे, सगळे शिंगाच्या मुठींचे. बाईंनी कपाळास हात लाविला आणि बोलिल्या, "जाऊ दे! लुगडं दोन वर्षांत विरतं. हे माझ्या हाताखालून गेले की विरणार नाहीत." आणि पितळ ठोकावयास बसल्या.

तात्पर्य, त्या राज्यात पुढे कोणाची हनुवटी कापली नाही, सटवोजींची धोकटी गडावरच राहिली, चिटणीसांचे अक्षर मात्र सुधारले नाही. जैसे घडले तैसे लिहिले. कोठे अक्षरास अक्षर चिकटले असेल तर वाचणाराने सोडवून घ्यावे.