भास्करची नववी-दहावी

दहावी समकक्ष प्रमाणपत्र हवे असेल, तर राहिलेली शाळा घरातल्याच माणसाच्या डोक्यातून काढून घ्यावी लागते. ज्याच्यासाठी उमेदवाराची शाळा सुटली, त्याचीच शाळा चालते. शेजाऱ्याची चालत नाही.

मंदा खैरनार अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी ती शिजवायची, पोरांची नाकं ती पुसायची, आणि दहावी नाही म्हणून सेविकेची जागा दर वेळी दुसरीलाच मिळायची. तिची शाळा आठवीनंतर सुटली. आई मजुरीला जायची आणि धाकट्या भास्करला शाळेत गरम डबा पोचवायला कुणीतरी हवे होते. भास्कर आता पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होता.

मंदाने त्याला परीक्षा कार्यालयात बोलावले. तो चिडूनच आला.

"ताई, माझी नववी-दहावी काढली तर डिग्रीचं काय होणार?"

"खालचे दोन मजले काढले तरी वरचे राहतात, साहेब," वाघचौरे कारकून मान वर न करता म्हणाले. "तुमच्याच खात्याच्या इमारती बघा."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"मला विचारलं होतं का कुणी?" मंदा कडाडली. "बस खाली!"

भास्कर बसला. वाघचौरेंनी त्याची मान कलती केली. नववी खडूच्या भुकटीसारखी कानातून वाटीत पडली. दहावीला वेळ लागला, कारण बीजगणित अडकले होते. मंदाने दोन्ही पाण्यातून घेतल्या. दहावी कडू होती. प्रमाणपत्र तिथल्या तिथे मिळाले.

घरी पोचेपर्यंत तिला समीकरणे येऊ लागली. त्यांच्यासोबत भास्करची ती दोन वर्षेही आली. कबड्डीत फुटलेला गुडघा आला, भूगोलाच्या सरांची शाबासकी आली, आणि शाळेचे फाटक आले. फाटकाशी ती स्वतःच अनवाणी उभी होती, हातात डबा घेऊन. पोरांनी विचारले, "कोण रे ती?"

"आमच्याकडे भांडी घासते," भास्कर म्हणाला. पोरे हसली. तोही हसला. ते हसू मंदाला आपल्याच घशात जाणवले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कार्यालयात गेली.

"तेवढं फाटक त्याला परत द्या. त्याला कळू दे."

"सुटं फाटक देता येत नाही. अख्खी दहावी द्यावी लागेल, प्रमाणपत्रासकट."

"म्हणजे बोलला तो आणि सांभाळायचं मी?"

"तसा नियम आहे, बाई."

"आग लावा तुमच्या नियमाला!"

वाघचौरेंनी ते लिहून घेतले आणि पोच दिली.

मंदा सेविका झाली. रविवारी भास्कर पेढे घेऊन आला. खात्यात त्याचे काहीच अडले नव्हते, उलट बढती मिळाली होती. मंदाने पेढ्यांना हात लावला नाही. एका मुलाची गोष्ट म्हणून तिने फाटकाची हकिकत सांगितली. भास्कर ऐकत गेला तसा लाल होत गेला.

"सख्ख्या बहिणीला असं म्हणाला? ताई, असल्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती."

"आता वाजवली तर चालेल?"

"केव्हाही चालेल."

मंदाने वाजवली. भास्करने गाल धरला. तो मुलगा कोण ते त्याला कळले, पण आठवले काहीच नाही.

"बरोबर केलंस," तो मनापासून म्हणाला.

त्यामुळे मंदाचा संताप आणखी वाढला, आणि तिने दुसऱ्या कानाखालीही वाजवली.