गाद्यांच्या कपाटातला उपेक्षित महापुरुष

जगात चांगल्या कलेची टंचाई कधीच नव्हती. टंचाई असते ती या कलेची उपेक्षा झाली म्हणून वेळच्या वेळी हळहळणाऱ्या माणसांची. जपानमधल्या मात्सुमोतो शहरातली ही टंचाई तीन माणसांनी मिळून दूर केली होती. शहराला याचा पत्ताच नव्हता, आणि त्या तिघांना हेच फार समाधानाचं वाटे.

'उपेक्षित गिटारवादक गुणग्राहक मंडळ' असं त्यांच्या संस्थेचं नाव. अध्यक्ष कुरामोचीसान ('सान' म्हणजे आपल्याकडचं 'राव' किंवा 'बाई'), पाणीपुरवठा खात्यात मीटर विभागाचे उपप्रमुख. चिटणीस डॉक्टर मोमोसे, दातांचे. आणि सर्वसामान्य सभासद कारासावासान, यांचं केस कापायचं दुकान. सर्वसामान्य सभासद हे एकटेच असल्यामुळे सर्वसामान्य सभासदांचं मत नेहमी एकमुखी असे.

या गावात गिटारी बनवायचे कारखाने आहेत. दर दुसऱ्या घरातला कोणीतरी काका दिवसभर गिटारीची मान घासून पोट भरतो. त्यामुळे गिटार ही वाजवायची वस्तू आहे, असा एक अडाणी समज गावात पसरलेला आहे. मंडळाचं मत वेगळं होतं. मंडळाच्या मते गिटार ही दुसऱ्या कोणीतरी, दूर कुठेतरी, फार पूर्वी वाजवलेली असावी लागते.

महानता मोजायला मंडळाने 'उपेक्षांक' नावाचं माप काढलं होतं. वादकाच्या गुणांना त्याला ओळखणाऱ्यांच्या संख्येने भागायचं. ओळखणारे जितके कमी तितका वादक थोर. ज्याला कोणीच ओळखत नाही तो हिशेबाने सर्वांत थोर ठरायला हवा, पण मग त्याच्याबद्दल हळहळणार कोण? म्हणून एक तरी माणूस ओळखणारा हवा, आणि तो शक्यतो आपणच असावं, अशी दुरुस्ती एकमताने मंजूर झाली.

दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कुरामोचींच्या घरी बैठक भरे. चहा आणि नोझावाना या पालेभाजीचं लोणचं झालं की 'अनाम फेरी'. एकाने बिननावाची कॅसेट लावायची आणि बाकीच्यांनी डोळे मिटून ऐकायचं. कोणी वादक ओळखला, तर कॅसेट आणणाऱ्याने कमरेत वाकून इतका प्रसिद्ध माणूस आणल्याबद्दल क्षमा मागायची. कोणीच ओळखला नाही, तर बाकीच्यांनी वाकायचं. लागोपाठ तीनदा क्षमा मागावी लागली तर पद जाई. हा नियम कुरामोचीसाननीच केला होता. तेव्हा त्यांना वाटलं होतं की तो डॉक्टरांना लागू होईल.

पण जूनमध्ये डॉक्टरांनी कुरामोचींचा बोलिव्हियाचा खाणकामगार चार सुरांत ओळखला. जुलैमध्ये त्यांचा आंधळा फिनलंडवाला दोन सुरांत ओळखला, वर त्याच्या बायकोचं माहेरचं नावही सांगितलं. आता उरला ऑगस्ट.

चिनात्सु ही अध्यक्षांची मुलगी, वय वर्षं सोळा. वर्षभरापूर्वीपर्यंत ती वर्गात 'हजर' हा शब्दसुद्धा इतक्या हळू म्हणायची, की समोर बसलेली असून तिची गैरहजेरी लागे. मग शाळेच्या वाद्यमंडळात तिच्या हातात गिटार आली आणि तिची मान आपोआप ताठ झाली. आता ती पोस्टमनलासुद्धा वाटेत गाठून माझं काही आलंय का असं विचारायची. (तिचं कधीच काही नसे. पण विचारायची पद्धत पाहून पोस्टमनच ओशाळा व्हायचा.)

सरावासाठी घरातली एक स्वतंत्र जागा बाबांनी तिला उदार मनाने दिली होती. ही जागा म्हणजे गाद्या ठेवायचं भिंतीतलं कपाट, वरचा कप्पा. आत शिरायचं, दार सरकवायचं, चार गाद्या आणि सहा पांघरुणं यांच्यामध्ये मांडी घालायची आणि वाजवायचं. बाहेर अध्यक्ष उपेक्षित कलावंतांना न्याय देत बसलेले असत. त्या कामात व्यत्यय नको म्हणून अधूनमधून कपाटावर दोन टिचक्या पडत आणि आवाज येई, "चिनात्सु, जरा हळू."

चिनात्सुने एक धून रचली होती, तीन मिनिटांची. सप्टेंबरात शाळेच्या महोत्सवात ती एकटीने वाजवणार होती, आणि बाबांनी पहिल्या रांगेत बसून ऐकावं एवढंच तिला हवं होतं. महोत्सव नेमका दुसऱ्या शनिवारी आला. बाबा म्हणाले, बघू. मग ती म्हणाली, आत्ताच ऐका ना, तीनच मिनिटं. बाबा म्हणाले, हे एवढं संपू दे. 'हे' म्हणजे पॅराग्वेच्या एका बिचाऱ्या वादकाच्या सात कॅसेटी होत्या. त्याला हयातीत कोणी तीन मिनिटंही दिली नव्हती, हे सांगता सांगता बाबांनी त्यातली तिसरी लावली.

तेव्हा चिनात्सुने एक साधी गोष्ट केली. माळ्यावरचा जुना टेपरेकॉर्डर कपाटात नेला, धून वाजवली आणि ती कॅसेट बाबांच्या खोक्यात टाकून दिली. बंद पडलेल्या कुठल्याशा दुकानातून त्यांनी बिननावाच्या कॅसेटींचं ते खोकं उचलून आणलं होतं. तिचा अंदाज असा, की बाबा अर्ध्या मिनिटात ओळखतील, हसतील आणि म्हणतील, अगं, ही तर तू.

दोन दिवसांनी ती कपाटात सराव करत असताना टिचक्या पडल्या, नेहमीपेक्षा जोरात.

"चिनात्सु, जरा हळू. फार महत्त्वाचं ऐकतोय."

ती थांबली. बाहेरून तिचीच धून ऐकू येत होती. हसावं की रडावं ते तिला ठरवता येईना, म्हणून तिने पांघरुणात तोंड खुपसून दोन्ही उरकलं. मग दार थोडं सरकवून तिने विचारलं, "कोण आहे हो बाबा हा?"

"तेच तर," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. "कोणालाच माहीत नाही."

बाबांचा असा चेहरा तिने आजवर फक्त परदेशी आणि शक्यतो मेलेल्या लोकांसाठी झालेला पाहिला होता. तिला तो आणखी थोडा वेळ बघायचा होता. म्हणून ती बोलली नाही.

ऑगस्टची बैठक मंडळाच्या इतिहासात अमर झाली. कॅसेट लागली. डॉक्टर मोमोसे पहिल्या सुराला नुसते हसले. दहाव्या सुराला त्यांनी घाम पुसला. कॅसेट संपली तेव्हा ते कमरेत इतके वाकले, की चष्मा लोणच्यात पडला. मग कॅसेट दुसऱ्यांदा लावली आणि मंडळाने पुढील निष्कर्ष काढले.

वादक पुरुष असून वय साठीच्या पुढे आहे. आवाज दबका येतो, म्हणजे बाहेर दाट बर्फ पडतोय. एक वरचा सूर दरवेळी किंचित ओढल्यासारखा लागतो, म्हणजे डाव्या हाताची करंगळी अर्धी तुटलेली आहे, बहुधा लाकडाच्या वखारीत. (चिनात्सुची करंगळी जन्मतःच आखूड आहे.) सुरुवातीला काहीतरी सरकून धाडकन बंद होतं, तर ते क्षयरोग्यांच्या इस्पितळाचं दार. काळ १९६१.

आणि शेवटाकडे, अगदी दूर, कोणीतरी नाजूक ऑर्गन वाजवतं.

"परिचारिका," कारासावासान म्हणाले. केस कापता कापता त्यांनी गावातली सगळी प्रेमप्रकरणं ऐकलेली असल्यामुळे या विषयात त्यांचा शब्द शेवटचा होता. "बोलली नाही ती त्याच्याशी कधी. नुसती वाजवत राहिली."

तिघांनी रुमाल काढले. १९६१ साली अशा आवाजाचा ऑर्गन कुठे मिळत नव्हता, ही अडचण डॉक्टरांनी प्रामाणिकपणे मांडली, आणि त्यावरून ती बाई काळाच्या किती पुढे होती हे सिद्ध केलं. उपेक्षित ऑर्गनवादिकांसाठी एक उपसमिती नेमावी असं ठरलं. चिनात्सु चहाचं तबक घेऊन दारात उभी होती. साठी उलटलेली, क्षयाने खंगलेली आणि प्रेमात हरलेली अशी तिची ओळख ती पहिल्यांदाच ऐकत होती, आणि खरं सांगायचं तर तिला ती आवडली होती.

कॅसेट तिसऱ्यांदा लागली. शेवट आला, परिचारिका वाजवू लागली, आणि स्वयंपाकघरात चिनात्सुची आई, सावाकोसान, हातातलं काम टाकून उठली. तिने भात ढवळायचा लाकडी चमचा पाण्यात बुडवला आणि कुकरचं झाकण उघडलं. आत धुतलेले तांदूळ थंड पाण्यात पडून होते. तिने बटणही दाबलं नव्हतं. ती चमचा घेऊनच बैठकीत आली.

"अहो, भात झाला असं कोण म्हणालं?"

"शांत राहा जरा," अध्यक्ष कुजबुजले. "ती ऑर्गन वाजवतेय."

"कोण ती? आपला कुकर आहे तो. भात झाला की धून वाजवतो. बारा वर्षं रोज वाजतोय."

तिथल्या तिन्ही पुरुषांच्या घरी विजेचा कुकर होता, आणि तिघे मिळून आयुष्यात काही हजार वेळा गरम भात जेवले होते. भात होतो तेव्हा काही आवाज होतो, ही माहिती मात्र तिघांनाही नवी होती. (अशा प्रसंगासाठी आपल्याकडे एक म्हण आहे. पण ती सगळ्यांना माहीत असल्याने मंडळाच्या निकषात बसत नाही.)

आईने कपाटाकडे पाहिलं. मग तबकाकडे पाहिलं.

"मी वाजवलंय," चिनात्सु म्हणाली. 'हजर' म्हणायला शिकल्याचा असाही फायदा होतो.

डॉक्टरांनी सौजन्याने पुरावा मागितला. तिने गिटार आणली, उघड्यावर, सगळ्यांसमोर बसली आणि वाजवली. तोच ओढलेला सूर, तीच तीन मिनिटं. मग चिटणीसांनी घसा साफ केला. उपेक्षित होण्यासाठी माणूस लांब असावा लागतो, ही मुलगी तर चहा आणते. ती उपेक्षित नाही, तिला नुसतं कोणी ऐकलेलं नाही. या दोन गोष्टी पूर्णपणे वेगळ्या असून दुसरीसाठी मंडळाकडे तरतूद नाही. शिवाय कपाटाबाहेर वाजवताना बर्फ नाहीसा झाला, ही खंत कारासावासाननी नोंदवली. नियमाप्रमाणे अनाम वादन ओळखण्याचा मान सावाकोसानकडे जात होता, म्हणून त्यांना सभासदत्व देऊ करण्यात आलं. गॅसवर मासा आहे, असं म्हणून त्या आत गेल्या. ओळखणारी व्यक्ती सभासद नसल्याने अध्यक्षांचं पद मात्र वाचलं.

त्या दिवशी जेवायच्या आधी कुकर वाजला, तेव्हा अध्यक्षांनी हातातल्या जेवायच्या काड्या खाली ठेवल्या आणि तो थांबेपर्यंत ऐकून घेतला.

"बाबा, महोत्सवाला येणार?" चिनात्सुने विचारलं.

"बघू," ते म्हणाले, पण यावेळी कपाटाकडे बघत.

महोत्सवाला जायचं नाही, असा मंडळाने ठराव केला, आणि तो शुद्ध आदरापोटी. तीन जाणकारांनी तिला उघडपणे ऐकलं तर तिचा उपेक्षांक घसरेल, आणि उगवत्या कलावंताचं असं नुकसान कोण करील? तो शनिवार बैठकीचा होता. अध्यक्षांनी दाढदुखीचं कारण देऊन बैठक टाळली. चिटणीस दातांचे असल्याने हे कारण जरा महागात पडलं. एक धडधाकट दाढ कोरून घ्यावी लागली.

शाळेच्या सभागृहात चिनात्सु मंचावर आली. पहिल्या रांगेत आई होती, आणि आईशेजारची खुर्ची रिकामी होती. चिनात्सुने ती खुर्ची पाहिली, एकदा श्वास घेतला आणि वाजवायला सुरुवात केली. अर्ध्यावर आल्यावर तिला दिसलं, की मागच्या बंद दाराच्या काचेच्या पट्टीत बाबांचा राखाडी कोट आहे. हलत नव्हता. दाराला कान लावलेल्या माणसाचा कोट असाच दिसतो.

"आत का नाही आलात?" तिने नंतर विचारलं.

"दारामागून बरं ऐकू येतं," बाबा म्हणाले. त्यांचा एक गाल सुजलेला होता. "सवय झालीय." थोडं चालल्यावर त्यांनी आपला डावा हात तिच्या हाताशेजारी धरला. "करंगळी माझ्यावर गेलीय तुझी. वखार कसली."

"मग आता तुम्ही बसा कपाटात," चिनात्सु म्हणाली. "मी बाहेर वाजवते."

हे ती चिडवायला म्हणाली होती. पण मंडळाच्या अध्यक्षाला विनोद आणि सूचना यांतला फरक कळत नाही, म्हणूनच तो अध्यक्ष असतो. हल्ली कुरामोचींच्या घरी संध्याकाळी पाणीपुरवठ्याच्या मीटर विभागाचे उपप्रमुख वरच्या कप्प्यात चार गाद्या आणि सहा पांघरुणं यांच्यामध्ये मांडी घालून बसतात. दार सरकवून घेतात. बाहेर चिनात्सु ऐसपैस बसून वाजवते. अधूनमधून आतून दोन टिचक्या पडतात आणि आवाज येतो, "चिनात्सु, जरा मोठ्याने."

तर, रसिक वाचकहो, एव्हाना तुमच्याही मनात एखादं नाव घोळू लागलं असेल. असा कोणी गुणी वादक, ज्याला जगाने न्याय दिला नाही आणि जो फक्त तुम्हाला माहीत आहे. हळहळ वाटणं स्वाभाविक आहे, आणि ती मोकळेपणाने व्यक्त करायला आता काही हरकतही नाही. कारण ही गोष्ट वाचताना मध्येच मान वर करून, आतल्या खोलीच्या दिशेने, "जरा हळू, वाचतोय ना मी," असं तुम्ही जे ओरडलात, त्यानंतर तिकडे अगदी शांत झालेलं आहे.