मौजे थॉर्नवेलचा पंचनामा

निटुरेसाहेब कुणाच्याही घरी गेले की आधी टकटक करतात. दारावर नव्हे, भिंतीवर. चपला काढतात, आत येतात, बोटाचं पेर वाकवून भिंतीला तीन ठिकाणी ठोकतात, कान देऊन ऐकतात आणि मग दाराजवळची खुर्ची निवडून बसतात. आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा मला म्हणाले, "सर, हा कोपरा पोकळ बोलून राहिलाय. अंशतः पडझड. घाबरायचं न्हाई, पन पलंग तिथून हलवा."

मी शकुन, मुहूर्त, वास्तू यांपैकी काहीच मानत नाही. पलंग त्याच संध्याकाळी हलवला.

साहेब सरकारी खात्यात ओव्हरसियर होते. भूकंपानंतरची दोन वर्षं त्यांनी जिल्ह्यातल्या पडलेल्या घरांचे पंचनामे करण्यात काढली आणि तेव्हापासून त्यांच्या बोलण्यातून पंचनामा काही गेला नाही. जेवण कसं झालं विचारलं तर "तक्रार निरंक" म्हणतात. जावई कसा आहे विचारलं तर "पाया भक्कम, गिलावा कमी." निवृत्तीनंतर ते लातूरला आमच्या समोर राहायला आले, त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

आमच्या गल्लीत तेव्हा क्लासेसचा पूर आला होता. ज्याच्या घराला दोन मजले होते त्याने तिसरा चढवला, ज्याला तीन होते त्याने चौथा, आणि प्रत्येक मजल्यावर डॉक्टर व्हायला आलेली पोरं कोंबली. चौकात गुणवंतांचे असे प्रचंड फलक लागले की मारुतीच्या देवळाचा कळस दिसेना. अशा दिवसांत निटुरेसाहेबांचं घर तळमजल्यावरच थांबलं. कॉलम असे घातलेले, की वरती सहज चार मजले उभे राहावेत. पण ते एक वीट चढवायला तयार नव्हते. शेजाऱ्यांनी समजावलं, क्लासवाल्यांनी समजावलं. साहेब म्हणाले, "माझं काम घरं उभी ऱ्हातेत का बगायचं हाय, किती उंच जातेत ते न्हाई."

आणि एवढ्या भक्कम घरात ते झोपत नसत. अंगणात पत्र्याची शेड होती, तिथे त्यांची खाट. भूकंपानंतर सगळं लातूर बाहेर झोपत होतं, त्यात नवल नव्हतं. पण लोक महिन्या-दोन महिन्यांत आत गेले. साहेबांना वीस वर्षं झाली तरी ते बाहेरच. "आमचं घर मजबूत हाय," वहिनी म्हणायच्या, "फकस्त मालकाचा इस्वास न्हाई."

तर अशा माणसाच्या हातात त्यांच्या लेकीमुळे, वर्षामुळे, काँप्युटरवरचा एक गेम पडला. ती पुण्याला नोकरी करते. दिवाळीत आली तेव्हा स्वतःसाठी नुकताच बाजारात आलेला गेम घेऊन आली, जाताना विसरून गेली. ड्रॅगन, तलवारी, जादूगार आणि मैलोन्‌मैल पसरलेला एक मुलूख. तुम्ही वीर व्हायचं आणि मुलूख वाचवायचा. गेम घाईघाईत विकायला काढलेला होता, त्यामुळे त्यात इतके दोष होते की आधी मुलुखालाच वीरापासून वाचवायला हवं होतं.

आठवड्याभराने मी समोर गेलो तर साहेब पडद्यासमोर दोनशे पानी वही उघडून बसलेले. वहीत रकाने आखलेले.

"खेळताय का, साहेब?"

"खेळतंय कोण? पाहणी करून राहिलोय."

वहिनी आतून म्हणाल्या, "लोक राक्षस मारतेत. आमचे हे राक्षसाच्या गुहेचं छत तपासतेत."

मी वही चाळली. अशी नोंदवही मी सरकारातही पाहिलेली नाही. "सोनार: कमरेपर्यंत जमिनीत. धंदा सुरळीत." "शिपाई: शीर गायब, तरी सलाम करतो." "घोडा: छपरावर. चढण्याचा मार्ग आढळला नाही. घोड्याची तक्रार निरंक." किल्ल्याचा एक दरवाजा उघडला की थेट आभाळात पाऊल पडत असे. तिथे साहेबांनी तांबड्या शाईने "कंत्राटदार कोण?" असं लिहिलं होतं.

कौतुकातही हात आखडता नव्हता. "आभाळ चांगलं केलंय बगा," ते मला म्हणाले. "अन् नदी तर आपलं विष्णुपुरीचं धरण भरल्यावर गोदावरी दिसते तशी. पानी करणारा माणूस हुशार हाय. भिंती करणारा त्याचा मेहुणा असावा."

एक गोष्ट मात्र मला खटकली. त्यांचा वीर कधी घरात झोपत नसे. गेममध्ये सराई होती, बिछाना होता, घरात झोपलं की शक्ती वाढते असा नियम होता. साहेब त्याला दर मुक्कामाला उघड्या माळावर झोपवत. वीर बिचारा कायम सर्दी झालेला, अर्ध्या ताकदीने हिंडायचा. "सराईची भिंत ठोकून बघता येत न्हाई," साहेब म्हणाले. विषय संपला.

मग एक दिवस ते स्वतः आमच्याकडे आले आणि भिंत न ठोकता बसले. मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं.

"सर, तुम्ही इंग्रजी शिकवता. एक पत्र करून द्या. कंपनीला."

त्यांनी मराठी मसुदा पुढे केला. "विषय: मौजे थॉर्नवेल येथील महिला ढिगाऱ्याखाली अडकल्याबाबत."

थॉर्नवेल हे गेममधलं एक खेडं. तिथे ड्रॅगनच्या धडकेने मार्था नावाच्या म्हातारीचं घर पडतं आणि वीराने दगड बाजूला करून तिला काढायचं असतं. दोष असा होता, की दगड बाजूला झाले तरी म्हातारी बाहेर येत नसे. ढिगाऱ्याखालून एकच वाक्य बोलत राहायची, "कुणी आहे का तिकडे?" दर अर्ध्या मिनिटाला. इंग्रजीत, पण साहेबांना ते चांगलंच कळत होतं.

मी हसू दाबून वर्षाला फोन लावून दिला. ती पलीकडून म्हणाली, "बाबा, सगळ्यांचंच तसं होतंय. लोक सोडून पुढं जातायत. तिला काढून काय मिळतं माहितीय का? एक वाटी सूप!"

"सोडून कसं जायचं?" साहेब म्हणाले. "ती आवाज देऊन राहिलीय."

"अहो, ती खरी नाहीय!"

"मला कळतंय. मी येडा न्हाई."

पण ते पुढे गेले नाहीत. मुलूख जळत होता, राजा कैदेत होता, आणि मुलुखाचा एकमेव तारणहार सर्दीने शिंकत एका ढिगाऱ्याजवळ उभा होता. मी पत्राचं इंग्रजी केलं. चार दिवसांनी उत्तर आलं, की आपला अभिप्राय आम्हाला मोलाचा आहे. साहेब खूश झाले. "आपल्याच खात्यातले दिसतेत. स्मरणपत्र काढा." आम्ही तीन स्मरणपत्रं काढली. तिसऱ्यात त्यांनी ढिगाऱ्याचा नकाशाही जोडला, उत्तर दिशा दाखवून.

तिसरं पत्र पाठवून झाल्यावर मी विचारलं. खेळात पुढे जाता येतं, तर माणूस तिथेच का उभा राहतो?

साहेबांनी पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं.

"भूकंपाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही एका गावात होतो," ते म्हणाले. "रस्ता मोकळा करायला. एका ढिगाऱ्यातून बाईचा आवाज आला. 'कुणी हाय का?' मी म्हनलं, हाय. दोन-चार दगड काढले. तेवढ्यात आमच्या वरच्या साहेबांच्या जीपचा हॉर्न. क्रेन अडकून पडली होती, रस्ता झाल्याशिवाय ती आत येनार न्हाई. हुकूम बरोबरच होता, सर. मी दाराच्या फळीवर खडूनं नंबर टाकला, सतरा. म्हनलं मावशे, आलोच."

"मग?"

"दोन तासांनी आलो. फळी तिथंच, नंबर तिथंच. ढिगारा उपसलेला. आत कुणी न्हाई."

"काढलं असेल की कुणीतरी."

"कसं काढलं? कोन्या हालतीत?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "मी विचारलं न्हाई. सगळ्या जिल्ह्याला विचारत फिरलो, कोन गेलं, कोन ऱ्हायलं. नंबर सतराचं तेवढं विचारलं न्हाई. रकाना कोराच ठेवला."

मी पत्राची प्रत घडी करून त्यांच्या हातात दिली.

पुढच्या महिन्यात कंपनीने दुरुस्ती पाठवली. आमच्या पत्रांमुळे, असं साहेब मानतात. जगभरच्या लाखभर शिव्यांमुळे, असं मी मानतो. ती दुरुस्ती इंटरनेटवरून उतरायला सकाळपासून दुपार झाली, त्यात बाराच्या ठोक्याला वीज गेली. साहेबांनी गल्लीतल्या मुलांच्या मेसच्या इन्व्हर्टरवरून वायर आपल्या खिडकीतून आत ओढून घेतली. मेसवाला ओरडत आला, "अहो काका, पोरांच्या पोळ्या अंधारात लाटून राहिलेत तिकडं!" "बाई अडकलीय," साहेब म्हणाले. तो बिचारा वायर धरूनच उभा राहिला.

तीनच्या सुमाराला साहेबांनी वीराला ढिगाऱ्याजवळ नेलं. मी, वहिनी आणि मेसवाला मागे उभे. दगड बाजूला झाले. एक क्षण काहीच घडलं नाही. मग मार्थाबाई उठली, परकर झटकला आणि ठसक्यात म्हणाली, की इतका वेळ कुठे होतास?

वहिनी हसल्या. मेसवाल्याने वायर सोडून टाळी वाजवली आणि पडदा काळा झाला. साहेब काळ्या पडद्याकडे बघत बसले होते. मग वहीत एक ओळ लिहून त्यांनी टोपण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पिशवी घेऊन एसटी स्टँडकडे निघालेले दिसले. "कुठं, साहेब?" तर हात हलवून "पाहणी" म्हणाले. परतले ते संध्याकाळी. सरळ आमच्याकडे आले, भिंतीला तीनदा ठोकलं, दाराजवळ बसले आणि पाणी मागितलं. दोन तांबे प्याले.

"काढली होती," ते म्हणाले. "मी गेल्यावर अर्ध्या तासात. गावातल्याच पोरांनी. पाय मोडला होता, तेवढंच. त्यानंतर बारा वर्षं जगली, सर! नव्या वसाहतीत सुनंनं तिचा फोटो दाखवला."

"अरे वा!"

"लई भांडकुदळ होती म्हणं. नळावर, दळणाच्या गिरणीत, कुठंच कुणाला सोडलं न्हाई. ज्यांनी काढलं त्या पोरांशीबी भांडली, कामून म्हणलं तर वढताना लुगडं फाडलं म्हणून." ते हसायला लागले. डोळे पुसत, खोकत, पुन्हा हसत. "अन् मी इकडं येड्यासारखा वीस वर्षं! सून म्हणली, आमची सासू मरेपर्यंत त्या खडूवाल्याला शिव्या देत होती. आलोच म्हणला अन् गेला, म्हणं!"

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणनार? म्हनलं, बरोबर हाय. तक्रार नोंदवून घेतो."

त्या दिवशी त्यांच्या वीराने थॉर्नवेलच्या सराईत पहिल्यांदा बिछाना घेतला, असं वहिनींनी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला निघालो तर समोरची शेड रिकामी दिसली. मग पाहिलं, साहेबांची खाट व्हरांड्यात होती. अर्धी छपराखाली, पायाकडची बाजू अजून अंगणात.

"आत नाही गेलात?" मी फाटकातून विचारलं.

"टप्प्याटप्प्यानं," साहेब चादर घडी करत म्हणाले.

"झोप कशी लागली?"

त्यांनी जरा विचार केला, व्हरांड्याच्या भिंतीला एकदाच टकटक केलं आणि म्हणाले, "तक्रार निरंक."