गंजावरचं नाव

मांडणशिल्प म्हणजे काय हे अमरावतीत माझ्याइतकं कुणालाच कळत नाही, असं मी वर्षभर सांगत फिरत होतो. शाळेत चित्रकला शिकवणाऱ्याला एवढी ऐट चालते. दर्यापूरजवळ माझ्या मामाचं गाव आहे. त्यांच्या गल्लीतल्या एकवीस घरांतून एकेक स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, आणायचा, सगळे तारेने शाळेच्या हॉलच्या छताला टांगायचे आणि प्रत्येकावर कोरलेल्या नावावर उजेड सोडायचा. नाव ज्याचं त्याचं, पण सगळे मिळून एक गाव! मधोमध बाविसावा गंज आमच्या घरचा. तो माझ्या बायकोने, रागिणीने, स्वतः टांगला आणि नाव मागे भिंतीकडे फिरवलं. "नम्र दिसतं," म्हणाली. मला ते फार आवडलं.

पुण्याच्या परीक्षक बाई अकराला येणार होत्या. त्यांना पसंत पडलं तर माझं काम दिल्लीच्या प्रदर्शनात जाणार होतं.

गंज मागताना मी म्हणालो होतो, "रोज लागत नाही तो द्या." इथेच माशी शिंकली.

साडेदहाला दोन जिपा भरून गल्लीतल्या बायका आपापलं नाव बघायला आल्या. पार्वतामामी पुढे. तिसऱ्या गंजाखाली त्या थबकल्या.

"मनोज, हा कोनं देल्ला?"

"गोदाबाईंनी."

"गोदे, हा तं माहा गंज हाय. तुह्या गोपालच्या बारशाले नेला व्हता तू."

"अन् तू देल्ला त्याच्यावर नाव कोनाचं हाय, ते पाय ना," शेजारच्या गोदाबाई म्हणाल्या. "माहं!"

मग सगळ्याच माना वर झाल्या. कलेसाठी कुठली बाई स्वतःचा गंज देईल? लग्नाबारशांत इकडचे तिकडे गेलेले सगळे गंज मी दिवे लावून टांगले होते.

माझ्याच शिडीवर चढून बायका तारा सोडू लागल्या. मी शिडी धरली. "मामी, पाया पडतो, फक्त पंधरा मिनिटं थांबा."

"बारा वर्सं थांबली मी," मामी वरूनच म्हणाल्या.

अकराला परीक्षक बाई आल्या, तेव्हा एकवीस तारा मोकळ्या लोंबत होत्या. मधला गंज तेवढा जागेवर होता. रागिणी भिंतीला टेकून उभी होती.

"हा एकच का उरला?" बाईंनी विचारलं.

"तो आमच्याच घरचा," मी छाती काढून म्हणालो. "त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क नाही."

बाईंनी गंज हलकेच फिरवला आणि मोठ्याने वाचलं, "सौ. पार्वताबाई खुशालराव."

दारातून मामी परत आल्या. "रागिणे, शोधू शोधू दमली ना व मी!"

"चिवडा आणला होता त्यात," रागिणी पुटपुटली. "द्यायचाच राहून गेला."

मामींनी बाविसावी तार सोडली. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि चहाही न घेता गेल्या. दिल्लीचा विषय तिथेच संपला.

जिपा मात्र लगेच गावाला गेल्या नाहीत. आधी आमच्या घरी वळल्या. बायकांना आमचं स्वयंपाकघर बघायचं होतं.